टील पाडायचं तर आधी काडतूस बघा

निपाणीच्या मित्रानं विचारलंय, 'द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड' या शिकारीच्या व्हिडिओ गेममध्ये रेव्होन्तुली कोस्टच्या नकाशावर युरेशियन टील (छोटं रानबदक) पडतं, पण गुण का कापले जातात? बंदुकीला नावं ठेवू नका, काडतूस चुकतंय की ओ. टील गेममधल्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात लहान वर्गातलं जनावर. बकशॉट (मोठ्या छऱ्यांचं काडतूस) घातलात की इंटिग्रिटीचा, म्हणजे शिकार धड राहिल्याचा बोनस गेलाच. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीत बर्डशॉटच (बारीक छऱ्यांचं काडतूस) भरा.

दुसरं म्हणजे थवा उडाला की सगळे अंदाजानं मधे बार टाकतात. तसं नको. एकच पक्षी धरा, नळी त्याच्याबरोबर फिरवत थोडी पुढं न्या आणि फिरत असतानाच चाप ओढा. हात थांबला की छरे मागनं गेलेच म्हणून समजा.

खरं टील लहानसंच, साधारण तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं. मॅलार्ड हे मोठं रानबदक किलोभर तरी भरतं. पाण्यावरनं टील जवळजवळ सरळ वर उसळतं. नराचं डोकं तांबूस, डोळ्यामागं हिरवा पट्टा.

कुणीतरी लिहिलंय, 'हिडकल धरणावर असं मारायला मिळालं असतं तर!' हे मला अजिबात पटलं नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वन्य पक्ष्यांची शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहायला हवी. इतक्या लांबनं थंडीत आपल्याकडं येणाऱ्या पाखरांना निदान इथं तरी निवांत राहू द्या. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यात धुपदाळला घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन सकाळी लवकर जा. करकोचेही दिसतील.