शिल्ड अल्सरवर पांढरा थर बसलाय; स्टिरॉइड बंद ठेवायचं की सुरू करायचं?

तालुका_नेत्रकक्ष

९ वर्षांचा मुलगा. डोळ्यांची उन्हाळी ॲलर्जी (व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस): तीन उन्हाळे झाले, दोन्ही डोळ्यांना खाज आणि दोऱ्यासारखी लांबणारी चिपडं. गेले १२ दिवस उजवा डोळा उजेडात उघडतच नाही. वरची पापणी उलटून पाहिली तर फरशी बसवल्यासारखे चपट्या माथ्याचे मोठे पॅपिली (ॲलर्जीने आलेले उंचवटे), लिंबसला, म्हणजे बुबुळाच्या कडेला, वरच्या बाजूने ट्रँटास ठिपके (ॲलर्जीचे पांढरे ठिपके). कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) वरच्या भागात आडवी लंबगोल जखम (शिल्ड अल्सर) आहे, साधारण ४ × ३ मि.मी. तळाशी पांढरट, जरा उंचावलेला थर. फ्लुरेसिन (जखम दाखवणारा रंग) कडेला साचतं, थरावर नीट चढत नाही. भोवतालचा कॉर्निया स्वच्छ, आत पू नाही. दृष्टी उजवी ६/३६, डावी ६/९.

घरी डेक्सामेथासोन आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली बाटली सापडली. दोन महिने 'खाज आली की' दोन्ही डोळ्यांत टाकत होते. ८ दिवसांपूर्वी 'अल्सर आहे, स्टिरॉइड नको' असं सांगून ती बंद केली गेली. सध्या मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि कृत्रिम अश्रू चालू आहेत. जखम जशीच्या तशी, खाज मात्र उलट वाढली.

आमच्याकडे स्लिट लॅम्प आहे, लहान मुलाचा डोळ्याचा दाब घेण्याची सोय नाही. कॉर्नियाचे सर्जन ११० कि.मी. दूर. पाठवायचं तर आहेच. पण किती घाईने, आणि तोवर काय चालू ठेवू?

कॉर्निया_ओपीडी

दोन-तीन दिवसांत पोचवा. तुम्ही वर्णन केलंय तो कॅमेरून यांच्या १९९५च्या वर्गवारीतला तिसरा टप्पा आहे. पहिल्यात तळ स्वच्छ असतो, औषधांनीच भरतो. दुसऱ्यात तळाशी राड साचलेली असते. काही भरतात, काही अडून बसतात. तिसऱ्यात तीच राड घट्ट होऊन थर बनतो. एपिथेलियमच्या (कॉर्नियाच्या वरच्या पातळ आवरणाच्या) पेशी कडेकडेने सरकत येतात आणि या थराला अडून थांबतात, म्हणून फ्लुरेसिन तुम्हाला कडेला साचलेलं दिसतंय. आता महिनाभर नुसते थेंब टाकले तरी जखम बहुधा भरणार नाही. थर काढावा लागेल.

जखम कॉर्नियावर असली तरी आजार वरच्या पापणीत आहे. पापणी मिटताना कडक पॅपिली एपिथेलियमवर घासतात, हे एक. त्याहून जास्त नुकसान इओसिनोफिल या ॲलर्जीतल्या पांढऱ्या पेशींतून सुटणारी प्रथिनं करतात. ती एपिथेलियमला थेट विषारी असतात आणि भरणंही रोखतात. अँटिबायोटिकने यातलं काहीच थांबत नाही. म्हणून 'अल्सर आहे, स्टिरॉइड नको' हा नियम इथे उलटा पडतो: जंतुसंसर्ग नसलेल्या शिल्ड अल्सरला स्टिरॉइडच लागतं. ते अचानक तोडल्यामुळेच खाज उसळली.

थर काढणं फार मोठं काम नाही, पण हात हलका हवा. समजूतदार मुलाला ०.५ टक्के प्रोपॅराकेन टाकून स्लिट लॅम्पवर जमतं. ९ वर्षांची बरीच मुलं डोळा मिटून घेतात, मग भूल देऊन करावं. बोथट स्पॅच्युला किंवा क्रेसेंट ब्लेडने थराची एक कड सोडवायची. कड सुटली की बहुतेक वेळा तो सालीसारखा निघतो. चिकटून राहिलेल्या जागी खोल खणायचं नाही, खालचा स्ट्रोमा (कॉर्नियाचा मधला जाड भाग) पातळ झाला तर पुढे कायमचा खड्डा राहतो. निघालेला थर फेकू नये. दोन काचपट्ट्या कराव्यात, एक ग्रॅमसाठी (जंतू पाहायला), एक केओएचसाठी (बुरशी पाहायला). नंतर बँडेज लेन्स (जखम झाकणारी मऊ काँटॅक्ट लेन्स), किंवा जखम मोठी-खोल असेल तर ॲम्निऑटिक मेम्ब्रेन (गर्भाभोवतीचा पातळ पडदा). या मुलांत बँडेज लेन्सवर चिपडं फार साचतात आणि पॅपिली ती ढकलून पाडतातही. लेन्स लावून मुलाला आठवडाभर घरी सोडणं मला मान्य नाही. २४ ते ४८ तासांत पुन्हा पाहायलाच हवं.

त्यानंतरचं औषध साधारण असं: प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का, जागेपणी दर २ तासांनी ३-४ दिवस, मग दिवसातून ६ वेळा, पुढे दर आठवड्याला एकेक वेळ कमी. मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के ४ वेळा, एपिथेलियम मिटेपर्यंत. ठणक असेल तर सायक्लोपेंटोलेट १ टक्का २ वेळा. कृत्रिम अश्रू प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. बेन्झाल्कोनियम हे प्रिझर्व्हेटिव्ह दिवसातून आठ-दहा वेळा उघड्या जखमेवर पडू देऊ नये. आणि पहिल्या दिवसापासून टॅक्रोलिमस ०.०३ टक्के मलम २ वेळा किंवा सायक्लोस्पोरिन ०.१ टक्का ४ वेळा; दोन्ही स्टिरॉइड नसलेली, ॲलर्जीची सूज दाबणारी औषधं. यांचा गुण दिसायला दोन-चार आठवडे लागतात. स्टिरॉइड उतरवायला लागेपर्यंत ती कामाला लागलेली हवीत, नाहीतर स्टिरॉइड कमी केलं की जखम परत येते आणि सगळं पहिल्यापासून.

बाल_नेत्र

वरचं पटतंय, पण एक गोष्ट आधी. तालुक्याच्या ठिकाणी स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी आईला थेट विचारा: कडब्याचं, उसाच्या पात्याचं, काडीचं काही लागलं का? दोन महिने स्टिरॉइड पडलेल्या उघड्या जखमेत बुरशी शिरली तर सुरुवातीला ती फार गाजावाजा करत नाही. संसर्गात पांढरेपणा जखमेच्या कडेबाहेर, स्ट्रोमात पसरतो, कडा धूसर पिसासारख्या होतात, डोळा एकदम लाल होतो. आणि लक्षणांचा क्रम बदलतो: खाज मागे पडते, दुखणं पुढे येतं. तुमच्या मुलाला खाजच जास्त आहे, भोवताल स्वच्छ आहे, म्हणजे चित्र ॲलर्जीचं आहे. तरी सर्जनना फोटो पाठवून, फोनवर बोलूनच प्रेडनिसोलोन सुरू करा. मॉक्सिफ्लॉक्सासिन बंद करू नका.

दाबाबद्दल. उजव्या डोळ्याच्या जखमेवर कुठलंही टोनोमीटर टेकवायला जाऊ नका. पण बाटली दोन्ही डोळ्यांत पडत होती, म्हणजे डावा डोळा तुम्हाला साक्ष देईल. पाठवताना चिठ्ठीत ठळक लिहा: 'दोन महिने डेक्सामेथासोन, दोन्ही डोळे, दाब मोजलेला नाही.' डाव्याची डिस्क (नेत्रनसेचं डोळ्यातलं टोक) ऑफ्थॅल्मोस्कोपने पाहून कप (तिच्यातला खळगा) किती आहे तेही नोंदवा. मुलांत स्टिरॉइडने दाब मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त चढू शकतो, तोही न दुखता. ॲलर्जीने नव्हे, या बाटलीने काचबिंदू होऊन नजर गेलेली मुलं असतात, आणि ती नजर परत येत नाही.

पुढचं तुमच्याच हातातलं काम: रेटिनोस्कोपी (डोळ्यात उजेड टाकून परतणारी चमक, म्हणजे रिफ्लेक्स, पाहणं). डाव्या डोळ्यात रिफ्लेक्स कात्रीसारखा उघडमिट होतो का ते पाहा. वर्षानुवर्षं चोळून केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन पुढे टोकदार होणं) सुरू झालेला असू शकतो, आणि ६/९ मागे तेच कारण असू शकतं. तसं दिसलं तर चिठ्ठीत टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) मागा.

तालुका_नेत्रकक्ष

मनापासून आभार. काडी-कडब्याचं काही नाही, आईला दोनदा विचारलं. सर्जनशी बोलणं झालं, परवाची वेळ मिळाली. घरचे दोघंही ऊसतोडीला जातात, दिवसभर दर दोन तासांनी थेंब कोण टाकणार हा प्रश्नच आहे. पापणीतलं स्टिरॉइडचं इंजेक्शन अशा मुलाला देतात ना?

बाल_नेत्र

देतात, आणि अशाच घरांसाठी ते फार उपयोगी आहे. थर काढायला भूल देणारच असतील तर त्याच वेळी होतं. पापणी उलटायची, टार्सल पट्टीच्या (पापणीतल्या कडक पट्टीच्या) वरच्या कडेपासून १ मि.मी. वर, कंजंक्टिव्हा (पापणीच्या आतलं अस्तर) आणि खालच्या स्नायूच्या मध्ये ०.५ मि.लि. सोडायचं. सुई डोळ्याला समांतर. औषध योग्य थरात गेलं की तिथे लगेच फुगा उठतो.

प्रश्न औषध कोणतं हा आहे. ट्रायॲम्सिनोलोन ४० मि.ग्रॅ./मि.लि.चं ०.५ मि.लि. म्हणजे २० मि.ग्रॅ. ते बरेच आठवडे टिकतं, आणि म्हणूनच दाब चढला तर परत काढून घेता येत नाही. डेक्सामेथासोन ४ मि.ग्रॅ./मि.लि.चं ०.५ मि.लि. म्हणजे २ मि.ग्रॅ.; ते लवकर उतरतं. या मुलाचा दाब मोजलेला नाही आणि दोन महिने स्टिरॉइड पडलंय. आधी दाब, मगच ट्रायॲम्सिनोलोनचा विचार. दाब वर निघाला तर टॅक्रोलिमसवर भर द्यावा लागेल. काचपट्टीत जंतू किंवा बुरशी दिसली तर इंजेक्शन अजिबात नाही.

थेंब_आणि_मलम

औषधं देताना सांगायच्या गोष्टी लिहितो, कारण चांगली योजना बहुधा इथेच कोलमडते.

प्रेडनिसोलोन ॲसिटेट हे निवळणारं औषध आहे. कण तळाशी बसतात. न हलवता टाकलं तर सुरुवातीचे दिवस नुसतं पाणी पडतं आणि शेवटी उरतो दाट गाळ. दर वेळी नीट हलवायला सांगा, आईकडून तुमच्यासमोर एकदा करून घ्या. दोन औषधांत ५ मिनिटं, मलम सगळ्यात शेवटी. खालची पापणी ओढून खोबणीत एकच थेंब. डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते, तो गालावर वाहतो. मग मिनिटभर नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा.

५ मि.लि.च्या बाटलीत साधारण १०० थेंब निघतात. दिवसातून ८ वेळा एका डोळ्यात टाकलं तर ती बारा-तेरा दिवसांत संपायला हवी. तपासणीला बाटली आणायला सांगा, प्रकाशासमोर धरा. पंधरा दिवसांनी अर्धी भरलेली असेल तर औषध हरलेलं नाही, ते पडलेलंच नाही.

टॅक्रोलिमस तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं पुरतं. पहिले चार-पाच दिवस झोंबतं, आणि 'रिॲक्शन आली' म्हणून बहुतेक घरी ते तिथेच सुटतं. आधी गार कृत्रिम अश्रू टाकून पाच मिनिटांनी लावलं की झोंबणं कमी होतं. हे आधीच सांगितलं तर सुटत नाही. डोळ्यासाठीचंच मलम आहे ना, ट्यूबवर वाचून घ्या. त्वचेचं मलम तसंच दिसतं.

गुलाबपाणी, मध, तूप, काजळ यातलं काही नको. खाज सुटली की स्वच्छ ओल्या फडक्याची गार पट्टी, नखं कापलेली. रात्री झोपेत मुलं सगळ्यात जास्त चोळतात, म्हणून जखम भरेपर्यंत प्लास्टिकचं भोकांचं शील्ड चिकटवा. उशीत तोंड खुपसून डोळा घासणंही त्याने थांबतं.

आणि ती जुनी एकत्र बाटली घरात ठेवू नका. ती तुमच्याकडे जमा करून घ्या, आणि दुकानदाराला दाखवायचा कागद म्हणून सर्जनच्या चिठ्ठीची एक प्रत आईजवळ द्या. तोडीच्या फडावर दुसऱ्या जिल्ह्यात गेले तर तिथल्या डॉक्टरला याच कागदावरून कळेल की स्टिरॉइड कुठल्या तारखेपर्यंत, किती वेळा आणि दाब शेवटी किती होता.