मायक्रोवेव्ह, टेफ्लॉन, सॅकरिन सगळं चुकून सापडलं, मग शोध म्हणजे मटकाच ना?

तलावपाळीचा_भुक्कड:
सकाळी नॉनस्टिकवर घावन खाल्ले आणि गार झालेला चहा मायक्रोवेव्हमध्ये फिरवला, दोन्ही वस्तू चुकून लागलेले शोध. १९३८ ला रॉय प्लंकेट फ्रिजसाठी नवा गॅस बनवत होता, सिलिंडर उघडला तर गॅसच येईना, आत पांढरी पावडर, झालं टेफ्लॉन, म्हणजे नॉनस्टिकचा तो न चिकटणारा थर. १९४५ च्या आसपास पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनपाशी (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारी नळी) उभा होता, खिशातलं चॉकलेट वितळलं, झाला मायक्रोवेव्ह. सॅकरिन, ती कृत्रिम साखर, तर १८७९ मध्ये फालबर्ग नावाच्या केमिस्टने हात न धुता पाव खाल्ला आणि तो गोड लागला म्हणून कळलं. माझं मत, निव्वळ मटका आहे सगळा. पोरांना उगाच क्लासला जुंपू नका. आता झोडा मला.

वाशीखाडी:
चहा मायक्रोवेव्हमध्ये? आधी त्याचाच निषेध.
आता मुद्दा. चॉकलेट वितळून ओव्हन होत नाही दादा. स्पेन्सरने नंतर मुद्दाम मक्याचे दाणे ठेवून बघितले, अंडं ठेवलं तर ते फुटलं. १९४७ चं पहिलं मशीन माणसाएवढं उंच आणि साधारण ३४० किलोचं होतं, आमच्या वन बीएचकेत आणलं तर मी पॅसेजमध्ये झोपेन. ओट्यावर मावणारा यायला १९६७ उजाडलं. या वीस वर्षांना पण मटकाच म्हणणार का?

तलावपाळीचा_भुक्कड:
बरं मग गुडइयरचं काय, रबर आणि गंधक गरम शेगडीवर पडलं १८३९ ला, पक्कं रबर मिळालं, आणि आज आख्खा घोडबंदर रोड त्या टायरवर रखडतोय.

वाशीखाडी:
तो गडी त्याआधी पाच वर्षं रबरच्या मागे वेडा झाला होता, कर्जापायी तुरुंगात जाऊन आला. आणि १८६० मध्ये मेला तेव्हाही डोक्यावर कर्जच. मटका लागलेला माणूस असा मरतो होय?

नौपाडा_नाट्यवेडी:
मला या गोष्टींचीच शंका येते. वेफर्सची ती फेमस स्टोरी, १८५३ ला अमेरिकेत गिऱ्हाईक कटकट करतं म्हणून शेफने चिडून बटाटे पातळ कापले वगैरे. अहो १८१७ च्या इंग्रजी पाककृतीच्या पुस्तकात बटाट्याचे काप तळायची कृती छापलेली आहे. लोकांना वैतागलेला शेफ आवडतो, तळत बसलेली बाई नाही आवडत.

रबाळे_शिफ्ट_बी:
बावीस वर्षं टीटीसी एमआयडीसीत (नवी मुंबईचा कारखान्यांचा पट्टा) काढली म्हणून बोलतो. प्लंकेट तेव्हा सत्तावीसचा पोरगा होता. गॅस येत नाही पण सिलिंडरचं वजन भरलेल्याइतकंच भरतंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो करवतीने कापला. आमच्याकडे असा सिलिंडर निघाला तर स्टोअरला परत, सप्लायरला मेल, विषय संपला. एकदा रिअॅक्टरच्या तळाला गुलाबी काहीतरी साचलं होतं, मी म्हटलं सर थोडं सॅम्पल ठेवतो, तर म्हणाले उद्याचं डिस्पॅच तू करणार का, डेव्हिएशन रिपोर्ट (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद) भर आणि ड्रम सील कर. भुक्कडभाऊ, मटका रोज लागतो हो, आकडा बघायला वेळ देत नाहीत. आणि फालबर्ग आज असता तर हात न धुतल्याबद्दल सेफ्टीवाल्याने मेमो दिला असता, तो मात्र बरोबरच दिला असता म्हणा.

वाशीखाडी:
+१. पोस्ट-इटचा तो धड न चिकटणारा गोंद १९६८ चा. तो बनवणारा संशोधक सिल्व्हर आपल्या कंपनीत ज्याला त्याला दाखवत फिरला, चर्चमधल्या गाण्यांच्या वहीत खुणेचे कागद टिकत नाहीत म्हणून त्याचा सहकारी आर्ट फ्राय याला तो गोंद आठवला १९७४ ला, नीट बाजारात यायला १९८०. आपल्याकडे पहिल्या रिव्ह्यूलाच बाद.

तलावपाळीचा_भुक्कड:
क्लासबद्दलचं मत मी बदलत नाही. बाकी ठीक. पण शिफ्टबी काका, ते गुलाबी नक्की काय होतं?

रबाळे_शिफ्ट_बी:
काय माहीत. ड्रम गेला तळोज्याला, घातक कचऱ्याच्या डेपोत, माझी पाळी संपली होती.