मदत हवी आहे: स्पीडबोट वेगात डावी-उजवी डुलते, उपाय सांगा (तातडीचं)

फुगवटाकर (धागाकर्ता)
उजनीच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या बाजूला आमच्या साडूभाऊंचं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथं सेकंडहँड स्पीडबोट आणली आहे. मी सोलापूरला असतो, सुट्टीच्या दिवशी बोट मीच चालवतो. हळू असली की काही त्रास नाही. वेग वाढवला की फुल थ्रॉटलच्या जरा अलीकडं डावीकडं कलते, मग उजवीकडं आपटते, परत डावीकडं, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. स्टेअरिंग उलटं फिरवून सावरायला जावं तर जास्तच वाढतं. रविवारी पुण्याहून ग्रुप येतोय. पातं (प्रोपेलर) बदलू का इंजिन खाली-वर करू, एवढंच सांगा. सोलापुरात याला हात लावणारा मेकॅनिक मिळेना. लवकर सांगा.

बंदरावरचा
बोट किती फुटी? तळ सपाट की व्ही? इंजिन किती एचपीचं? डुलते तेव्हा बोटीत माणसं किती होती आणि कुठं बसली होती? स्टेअरिंग केबलचं की हायड्रॉलिक? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

पाते_पारखी
पातंच बघा आधी. फुल थ्रॉटलला आरपीएम किती जातो ते सांगा. कंपनीनं दिलेल्या पट्ट्यात बसत नसेल तर पिच (एका फेऱ्यात पातं किती पुढं सरकतं ते माप) चुकलंय. एक इंच पिच कमी केलं की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. चार पाकळ्यांचं स्टीलचं लावा, पाणी धरून ठेवतं, बोट मागून स्थिर होते. मी माझ्या बोटीला लावलं आणि विषय संपला.

टेंभुर्णीकर
नोंदणी झाली आहे का? इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ आल्यापासून यांत्रिक बोटीची नोंदणी आणि सर्व्हे लागतो. पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी. विमा? चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र? मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, ते तुमच्याच बाजूला. म्हणून विचारतोय.

फुगवटाकर
टेंभुर्णीकर, कागदांचं मी विचारलं नाही, ते साडूभाऊ बघतायत. बाकी: १७ फुटी, फायबरची, तळ व्ही. आउटबोर्ड (मागं बाहेरून लावलेलं इंजिन) ११५ एचपी. स्टेअरिंग गोल आहे, कारसारखं. आरपीएमचा काटा बंद आहे.

बंदरावरचा
गोल सगळ्यांचंच असतं हो. चाकापासून इंजिनापर्यंत काय जातं ते विचारलं. एकच जाड काळी केबल असेल तर मेकॅनिकल. तेलाच्या दोन नळ्या असतील तर हायड्रॉलिक. आणि माणसं किती, ते अजून राहिलंच.

शेवगा_शेंगा
पेट्रोलची टाकी रात्री पूर्ण भरून ठेवत जा. अर्धी रिकामी ठेवली की आत ओल धरते आणि पेट्रोलात पाणी उतरतं.

खाडीवाली
मी स्पीडबोट चालवायला शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुम्ही जे वर्णन केलंय त्याला चाइन वॉकिंग म्हणतात. बोटीचा तळ आणि बाजू जिथं मिळतात ती कड म्हणजे चाइन. व्ही तळाची बोट वेग घेते तशी पाण्यातून वर उचलली जाते. शेवटी मागच्या टोकाला तळाचा छोटासा तुकडाच पाण्याला टेकलेला राहतो आणि सगळी बोट त्या धारेवर तोललेली असते. पातं एकाच दिशेनं फिरतं, त्याचा पीळ बोटीला एका बाजूला कलवतो. त्या बाजूची चाइन पाण्यावर आपटते, तिथून बोट दुसऱ्या बाजूला फेकली जाते, आणि हे चक्र सुरू होतं.

यात चालवणाऱ्याचा हात फार मोठा भाग असतो. कललेली दिसली म्हणून तुम्ही चाक फिरवता, पण तोवर बोट परत यायला लागलेली असते. म्हणजे तुमचं सावरणं पुढच्या हेलकाव्यात भर घालतं. अनुभवी चालक बोट कलायच्या आधीच चाक अगदी थोडंसं, बोटभर हलवतात. बघणाऱ्याला वाटतं त्यांनी काहीच केलं नाही. हे हातात यायला खूप तास लागतात, आणि तेही रिकाम्या बोटीत, मोकळ्या पाण्यात.

तूर्त एवढं करा. डुलायला लागली की थ्रॉटल हळूहळू कमी करा. एकदम तोडू नका. एकदम तोडलं तर नाक खाली आपटतं, माणसं पुढं फेकली जातात आणि मागून आपलीच लाट आत येते. आणि रविवारी त्या वेगाला जायचंच नाही.

पाते_पारखी
ताई, शिकवणं ठीक आहे, पण पाण्याला धरणारं पातं असेल तर एवढं कौशल्य लागतच नाही. सामान बरोबर असलं की बोट सरळ जाते.

खाडीवाली
चांगल्या पात्यानं डुलणं जास्त वेगाला सुरू होईल, हे मान्य. पण मग जे होईल ते आणखी दहा किलोमीटर जास्त वेगाला होईल. नवख्या हाताखाली ते बरं नाही.

माढेकर_पाटील
सोपं आहे. ट्रिमचं, म्हणजे इंजिनाचा कल बदलायचं बटण दाबून इंजिन पूर्ण आत घ्या. नाक खाली बसतं, डुलणं बंद. आमच्याकडं असंच करतात.

खाडीवाली
पाटील, थोडं आत घ्या हे बरोबर. पूर्ण आत नको. इंजिन पूर्ण आत म्हणजे नाक पाण्यात रुतलेलं. त्या अवस्थेत वेगात वळण घेतलं की नाक जागेवर अडकतं आणि मागचा भाग फटकन बाहेर फिरतो. माणसं कडेवरून सरळ पाण्यात जातात. वळणाआधी थ्रॉटल कमी, मग वळण, मग परत थ्रॉटल. बोटीला ब्रेक नाही, हे चारचाकी चालवणारे विसरतात. ताशी ७० किलोमीटरला बोट सेकंदाला १९ मीटर पुढं जाते. आणि फार बाहेर ट्रिम केलं तर नाक वर-खाली उड्या मारायला लागतं. तो वेगळा आजार, त्यावर उपाय म्हणजे ट्रिम आत आणि वजन पुढं. ट्रिमची जागा वेगाप्रमाणे, वजनाप्रमाणे बदलत राहते. एकदा लावून सोडून द्यायची गोष्ट नाही.

वेगवेडा
पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम १९७८ चा आहे, अजून मोडलेला नाही. केन वॉर्बी या ऑस्ट्रेलियन माणसानं घरच्या अंगणात लाकडी बोट बांधली, जेट इंजिन बसवलं आणि ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर ताशी ५११ किलोमीटरचा वेग गाठला. धरणाच्या पाण्यावर! उजनीवर आपण निदान एखादी शर्यत तरी घेऊ शकतो. २०१८ ला आंध्रातल्या अमरावतीत कृष्णेच्या पात्रात फॉर्म्युला वन पॉवरबोटी धावल्याच की.

बंदरावरचा
वेगवेडा, त्याच विक्रमापायी ब्रिटिश चालक डोनाल्ड कॅम्पबेल ४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडातल्या कोनिस्टनच्या तळ्यात जिवाला मुकला. वेगात नाकाखाली हवा शिरली आणि बोट उचलून उलटी पडली. अमरावतीत धावलेल्या चालकांना बंद कॉकपिट असतं, पट्टे असतात. शिवाय उलट्या कॉकपिटात पाण्याखाली पट्टा सोडून बाहेर यायची परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय शर्यतीत उतरता येत नाही. इथं उघडी १७ फुटी बोट आहे आणि आत पुण्याचे पाहुणे आहेत.

फुगवटाकर, किल स्विचची दोरी (चालक पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी) कुठं अडकवता?

फुगवटाकर
लाल दोरी बोटीबरोबर आलीच नव्हती. नुसती क्लिप स्विचमध्ये कायमची घातलेली आहे, त्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. त्याचा डुलण्याशी काय संबंध? स्टेअरिंगला एकच जाड केबल आहे, बघितलं. माणसं सहा होती, चार मागच्या बाकावर.

बंदरावरचा
संबंध आहे. अशा हेलकाव्यात चालकसुद्धा बाहेर फेकला जाऊ शकतो. मग रिकामी बोट वेगात गोल गोल फिरत राहते, पाण्यात पडलेल्यांच्या अंगावरून. मे २०१३ मध्ये इंग्लंडात पॅडस्टोला हेच झालं. कुटुंबातले सगळेच बाहेर फेकले गेले, दोरी चालकाला बांधलेली नव्हती, फिरत्या बोटीखाली बाप आणि मुलगी गेली. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बहुतेक बोटींना वेगात असताना दोरी लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. मांडीला किंवा लाइफ जॅकेटला अडकवायची, मनगटाला नको. स्विचचा मेक बघून नवीन मागवा, महाग वस्तू नाही. आणि एक जास्तीची बोटीतच ठेवा, म्हणजे चालक पडला तर दुसऱ्याला इंजिन सुरू करून त्याला घ्यायला जाता येईल.

केळीवाला_कंदर
वरचं सगळं खरं आहे पण आमच्या पाण्याचं कुणी बोललं नाही. उजनी ११७ टीएमसी भरलेलं असतं तेव्हा आणि उन्हाळ्यात उणे जातं तेव्हा ही दोन वेगळी धरणं समजा. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी उतरलं की वर येतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण अशीच गावं, विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट जागोजागी आहेत आणि ते वर यायच्या आधी हातभर पाण्याखाली असतात, दिसत नाहीत. शिवाय मासेमारीची जाळी. ज्या रेषेनं वेगात न्यायचीय ती रेषा आधी स्थानिक नावाड्याला बरोबर घेऊन हळू फिरून बघा. ते आजोबा-पणजोबांपासून तिथले आहेत. आणि उन्हाळ्यात दुपार टळली की पश्चिमेकडं बघत राहा, वारा सांगून येत नाही.

शेवगा_शेंगा
कंदरला कधी आलो तर चिलापी चांगली कुठं मिळते?

फुगवटाकर
खुंटाचं बरोबर आहे. मागं एकदा पातं खुंटाला लागलं होतं. सोलापुरात एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून सरळ करून घेतलं. तेव्हापासून हँडलला थरथर येते.

पाते_पारखी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं! म्हणून मी पातं पातं म्हणत होतो. लेथवर पातं सरळ दिसेल, पण त्याच्या तिन्ही पाकळ्यांचं पिच सारखं झालंय का हे तो मोजत नाही. थरथर राहिली तर गिअरकेसचं सील आणि बेअरिंग जाईल. ते पातं काढूनच टाका.

खाडीवाली
पातं बदला, इथं मी तुमच्याबरोबर आहे. पण थरथर वेगळी, डुलणं वेगळं. मला केबल आणि मागचे चार जण (वजन मागं, नाक वर) जास्त खटकतायत. बोट किनाऱ्यावर ट्रेलरवर असताना, इंजिन बंद ठेवून एकानं चाक घट्ट धरायचं. दुसऱ्यानं आउटबोर्ड दोन्ही हातांनी धरून डावीकडं-उजवीकडं ढकलायचं. चाक स्थिर असताना इंजिन हललं तर तेवढा ढिलेपणा वेगात चाक आणि पात्याच्या मध्ये असतो. तुम्ही सावरता आणि बोटीपर्यंत ते उशिरा पोचतं. एवढ्या इंजिनाला आणि एवढ्या वेगाला मी हायड्रॉलिकच सुचवते.

टेंभुर्णीकर
आणि शिकायचं असेल तर गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथं पॉवरबोट हाताळणीचे आणि जीवरक्षकाचे अभ्यासक्रम चालतात. पर्यटक बसवणार असाल तर तुम्ही आणि तिथला एखादा गडी, दोघांनी करून या. कागदांचं मी उगाच बोललो नव्हतो. सर्व्हेत या बोटीला किती माणसं आणि किती एचपी चालतं तेही कळेल.

फुगवटाकर
अपडेट देतो. खाडीवाली ताईंनी सांगितलं तसं करून बघितलं. चाक धरून इंजिन चांगलं चार बोटं हलतंय. केबलचं टोक इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीचा बोल्ट ढिला होता आणि केबलसुद्धा आतून झिजलीय. हार्डवेअरच्या दुकानातून नवीन नट-बोल्ट आणून आवळला. एकटाच घेऊन गेलो, ट्रिम थोडं आत ठेवून. डुलणं पुष्कळ कमी आहे आणि आता उशिरा सुरू होतं. सुरू झालं की थ्रॉटल हळू कमी केला, दोन-तीन हेलकाव्यांत बसली. दोरी मागवली, केबल मागवतोय, हायड्रॉलिकचं साडूभाऊंशी बोलणं चालू आहे. पातं ऑर्डर केलंय. रविवारच्या ग्रुपला गावातल्या नावाड्याच्या होडीतून लाइफ जॅकेट घालून पक्षी दाखवायला नेणार, स्पीडबोट बांधून ठेवणार. टेंभुर्णीकर, नोंदणीचा अर्ज कुठं द्यायचा ते मेसेजमध्ये सांगा, मघाशी जरा तोडून बोललो.

टेंभुर्णीकर
मेसेज केलाय.

पाते_पारखी
आरपीएमचा काटा दुरुस्त करा हो. त्याशिवाय नवीन पातं बरोबर बसलं का ते कळायचं कसं?

बंदरावरचा
एक राहिलं. हार्डवेअरच्या दुकानातला साधा नट स्टेअरिंगच्या जोडाला चालत नाही, इंजिनाच्या कंपनानं परत सुटेल, आणि तो वेगात सुटला तर चाक हातात नुसतंच फिरेल. नायलॉक नट घ्या, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, स्टेनलेसचा. एकदा खोलला की परत तोच लावायचा नाही, नवीन घ्यायचा. नवीन केबलची लांबी जुन्या केबलच्या आवरणावर छापलेली असते, ती वाचून इथं टाका, मग ऑर्डर करा.