मुलगा सहावीत, रिपोर्टमध्ये एलडी (अध्ययन अक्षमता) आलंय, शाळा म्हणते सवलती दहावीलाच मिळतात. खरंय का?

निनादची_आई:
नमस्कार, मोठी पोस्ट आहे, माफ करा. मुलगा सेमी इंग्लिशला सहावीत आहे. तोंडी विचाराल तर अफजलखानाचा वध अगदी रंगवून सांगेल पण तेच लिहायला बसला की चार ओळीत अर्धा तास जातो, जोडाक्षरं तर सोडूनच द्या. फळ्यावरचे ३६ वहीत ६३ होतात आणि मग पुढचं गणित बरोबर सोडवूनही भोपळा. दिवाळीत एका खासगी सायकॉलॉजिस्टकडे टेस्ट केल्या, डिसलेक्सिया (वाचायला अडचण) आणि डिसग्राफिया (लिहायला अडचण) दोन्ही आहे म्हणाल्या. रिपोर्ट घेऊन शाळेत गेले तर मुख्याध्यापिका म्हणे, दहावीला बघू, आत्ता वर्गात एकालाच जास्त वेळ दिला तर बाकीचे पालक भांडतील. वर्गशिक्षिका तर सरळ आळशी म्हणतात त्याला. घरी सासूबाई म्हणतात सर्टिफिकेट काढू नको, पोराला शिक्का बसेल. मला खरंच कळत नाहीये सुरुवात कुठून करू.

डोंबिवलीकर_७८:
ताई, दहावीलाच मिळतात हे साफ चूक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात अध्ययन अक्षमता आहे, आणि कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं लिहिलंय. फक्त दहावीला असं त्यात कुठेही नाही. पण तुमचा खासगी रिपोर्ट बोर्डाला चालत नाही, सरकारी हॉस्पिटलचंच सर्टिफिकेट लागतं. ते आत्ताच काढायला घ्या, कारण नंबर लागायला वेळ जातो, आम्हाला पहिल्या फेरीपासून कागद हातात यायला जवळजवळ आठ महिने लागले. आधी डोळे आणि कान तपासतात, मग आयक्यू, मग वाचन-लेखन-गणिताची वेगळी टेस्ट. एका दिवसात होत नाही, दर वेळी अर्धी रजा टाकायची तयारी ठेवा. शाळेचं पत्र आणि त्याच्या जुन्या वह्या बरोबर न्या, वह्या नक्की न्या, आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधी वह्याच चाळल्या. आमची पोरगी १४ ची झाली की परत तपासणीला आणा असं आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, तर तेही डोक्यात ठेवा, नाहीतर ऐन दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ होते.

विशेष_शिक्षिका:
वरचं सगळं बरोबर. शाळेत तोंडी बोलण्यात दम नाही, लेखी अर्ज द्या. आणि अर्जात नुसतं "सवलती द्याव्यात" लिहू नका, त्यावर कोणी काही करत नाही. नेमकं मागा. तासाला २० मिनिटं जादा, शुद्धलेखनाचे मार्क कापू नयेत, फळ्यावरून उतरवण्याऐवजी नोट्सची झेरॉक्स, पहिल्या बाकावर जागा, वर्गात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नये. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना एक रुपया लागत नाही आणि सर्टिफिकेटही लागत नाही, त्या उद्यापासून सुरू होऊ शकतात. गणिताला पर्यायी विषय घेण्याबद्दल पुढे कोणीतरी सुचवेलच, तिथे घाई करू नका, गणित सोडलं की पुढे सायन्स, डिप्लोमाची वाट अवघड होते. तुमच्या मुलाचं गणित कच्चं वाटत नाही, आकडे उतरवताना घोळ होतोय. ३ आणि ६ आरशात बघितल्यासारखे आहेत की हो, त्याची तरी काय चूक!

मी_पण_त्यातलाच:
मी स्वतः डिसग्राफियावाला, दहावी लेखनिक घेऊन दिली. एकच सांगतो, लेखनिकाची सवय आधीपासून करा. माझा लेखनिक नववीतला शेजारचा मुलगा होता, प्रिलिमला पहिल्यांदा बरोबर बसलो आणि अक्षरशः तोंडच उघडेना, उत्तर डोक्यात होतं पण दुसऱ्याला वाक्य वाक्य सांगायचं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तो बिचारा पेन धरून माझ्याकडे बघतोय मी त्याच्याकडे. मग बाबांनी रोज रात्री जेवणानंतर एक उत्तर मला सांगायला लावलं आणि स्वतः लिहून घेतलं, मुद्दाम हळू लिहायचे, मी कुठे पूर्णविराम म्हणालो नाही तर तसंच पुढे लिहीत जायचे. महिन्याभरात जमलं. सातवी-आठवीत ही सवय लागली असती तर प्रिलिमला रडलो नसतो. आणि शिक्क्याचं म्हणाल तर आळशी हा शिक्का मला सर्टिफिकेटच्या सहा वर्षं आधीच बसला होता, आजीला हे जरूर सांगा.

निनादची_आई:
शेवटचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण मघाशी निनादला जवळ घेऊन बसल्या होत्या. अर्ज आज लिहिला, नेमकं मागितलंय. एकच शंका, पोच मुख्याध्यापिकांचीच लागते का? त्या भेटतच नाहीत.

विशेष_शिक्षिका:
ऑफिसमधल्या क्लार्कची चालते. शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक नंबर तेवढा बघून घ्या. आणि ओरिजिनल रिपोर्ट कोणालाही देऊ नका, झेरॉक्सच जोडा.