मदत हवी आहे: ४८८ लेबलची एटीजीएल अँटिबॉडी आणि हिरवी पार्श्वभूमी

नमस्कार मंडळी. यकृताच्या पेशींमध्ये एटीजीएल हे एन्झाइम नेमकं कुठे असतं ते पाहायचंय. ट्रायग्लिसराइड तोडण्याची पहिली पायरी त्याची, म्हणून मेदबिंदूंच्या कडेला त्याचं कडं दिसायला हवं. एटीजीएलला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला अलेक्सा फ्लुअर ४८८ हा हिरवा चमकणारा रंग थेट जोडलेला आहे. त्यामुळे दुय्यम अँटिबॉडीची (पहिलीला चिकटणाऱ्या, रंग जोडलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीची) पायरी वाचते, पण तिच्यामुळे वाढणारा सिग्नलही जातो. त्यात लिपोफसिन (पेशींत साठणारं, आपोआप चमकणारं रंगद्रव्य) या हिरव्या पट्ट्यातही चमकतं. न रंगवलेल्या पेशीसुद्धा हिरव्या! दिसणारं कडं खरं की आभासी, हे कसं ठरवायचं?

दुसरं, अँटिबॉडी आत शिरावी म्हणून पेशी सच्छिद्र करणं. मिथेनॉल मेद विरघळवतं, त्यामुळे ते बाद. ट्रायटॉन या डिटर्जंटनेही मेदबिंदू विस्कटतात. सॅपोनिन सौम्य आहे, मात्र त्याचा परिणाम टिकत नसल्याने ते प्रत्येक बफरमध्ये ठेवावं लागतं. एटीजीएलसाठी कोणी सॅपोनिन किंवा तसंच सौम्य डिजिटोनिन वापरलंय का? प्रमाण किती, वेळ किती?

मेदबिंदू रंगवायला बॉडिपी ४९३/५०३ हा रंग इथे चालणार नाही, तोही हिरवाच. लाल पट्ट्यातला भरवशाचा रंग सुचवा. कंट्रोल म्हणून ४८८ जोडलेला आयसोटाइप (त्याच प्रकारची, पण एटीजीएलला न चिकटणारी अँटिबॉडी) आहेच, पण एटीजीएलचं जीन बंद केलेल्या पेशी मला जास्त खात्रीच्या वाटतात. की सरळ ६४७ (गडद लाल पट्ट्यातला रंग) लेबलचीच अँटिबॉडी घ्यावी?