मदत हवी आहे: जरबेऱ्याची बियांपासून केलेली कोवळी रोपं मातीपाशी मऊ होऊन आडवी पडतायत (सातारा)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय माझं कुठं चुकतंय ते तुम्हाला कळायचं नाही.

आमच्या साताऱ्यातल्या घरी मागच्या परड्यात आईचा एक जुना जरबेरा होता. हल्ली नर्सरीत भरगच्च पाकळ्यांचा मिळतो तसला नाही, साधा एकेरी, शेंदरी रंगाचा, लांब देठाचा. आईनं तो वाईहून, तिच्या माहेरून आणलेला आणि दर दोन-तीन वर्षांनी गड्डा फोडून शेजारीपाजारी वाटायची. यंदा जुलैत आठ-दहा दिवस पाऊस उघडलाच नाही आणि गड्डा कुजला. पानं धरून जरा ओढली तर सगळा झुबका हातात आला, मधला भाग काळा आणि चिकट. आईनं ज्यांना ज्यांना रोपं दिली होती त्या सगळ्यांच्या घरी जाऊन आले, पण कुणी अंगणात फरशी घातली, कुणाची कुंडी उन्हाळ्यात वाळली, एकाकडंही शिल्लक नाही. आईला जाऊन चार वर्षं झाली, म्हणून त्यात एवढा जीव अडकलाय.

नशीब एवढंच की जूनच्या सुरुवातीला शेवटची दोन फुलं मी खुडली नव्हती आणि त्यांचं बी धरलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, जिऱ्यासारखा लांबट तपकिरी दाणा असतो आणि एका टोकाला कापसासारखा झुपका, फुंकर मारली तरी उडेल असा. त्यातले कितीतरी दाणे चपटे आणि पोकळ असतात, चिमटीत धरलं की कळतं. ते काढून टाकल्यावर भरीव असे ६१ दाणे मिळाले.

पहिल्यांदा जुलैच्या शेवटी ३० पेरले. परड्यातली काळी माती, निम्मं शेणखत, वरून प्लास्टिक झाकलं कारण ओल टिकावी. नवव्या दिवसापर्यंत १७ उगवले, मी घरात सगळ्यांना बोलवून दाखवले. आणि मग एका सकाळी बघते तर पाच रोपं आडवी. वरची दोन पानं अजून हिरवीगार, पण देठ मातीला टेकतो तिथं बारीक होऊन भिजलेल्या दोऱ्यासारखा झालेला. दुसऱ्या दिवशी आणखी सात, चार दिवसांत ट्रे रिकामा. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून मी आणखी पाणी घातलं. आता कळतंय की तीच मोठी चूक झाली.

माझा मामेभाऊ वाईजवळ पॉलीहाऊसमध्ये जरबेरा घेतो, त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला ही मर आहे, मातीतली बुरशी, जास्त ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की कोवळं रोप बुडाशीच धरते. पण बियांपासून रोपं कशी करायची ते त्यालाही सांगता येईना, कारण पॉलीहाऊसवाले टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली तयार रोपं आणतात, पेरत कुणीच नाही. म्हणूनच इथं विचारतेय.

दसऱ्यानंतर दुसऱ्यांदा २२ दाणे पेरले, या वेळी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोनदा धुऊन त्यात थोडी वाळू, ट्रे साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवलेला, दाण्याचं टोक खाली आणि झुपका वर दिसेल असा उभा खोचला, वरून पाणी न घालता ट्रे परातीत ठेवून खालून ओल दिली. फक्त ६ उगवले. जरबेऱ्याचं बी ताजं असतानाच चांगलं उगवतं, चार महिन्यांचं झालं की जोर कमी होतो, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यातलं एक परवा पडलं, तसंच, बुडाशी मऊ होऊन. उरलेल्या पाचांना तीन-तीन पानं आहेत, पण नवीन पान पिवळट येतंय, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि कोकोपीटवर हिरवट शेवाळ धरलंय. पाणी बोअरचं घालतेय, बादलीला पांढरा थर चढतो असलं.

आता माझ्याकडं ही पाच रोपं आणि फ्रीजमध्ये डबीत ९ दाणे एवढंच आहे. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) इतक्या लहान रोपांना चालतो का, खत आत्ता द्यायचं का, आणि कुंडीत कधी हलवायचं, कृपया ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. बियांच्या रोपाला आईच्याच रंगाचं फूल येईल याची खात्री नसते हेही मला ठाऊक आहे, शेजारच्या गच्चीत गुलाबी जरबेरा आहे, तिथलाही पराग आला असेल. तरी चालेल, गुलाबी आलं तरी ते त्याच झाडाचं असेल.

एक विनंती, "एवढा त्रास कशाला, कासच्या पठारावरून फुलांचं बी आण" असं कृपया लिहू नका, घरच्यांनी सांगून झालंय. २०१२ पासून कास जागतिक वारसा आहे, तिथलं बी आणायचं नसतं आणि जांभ्यावरच्या बोटभर मातीत वाढणारी ती रोपं कुंडीत जगणारही नाहीत.

अपडेट, बारा दिवसांनी: सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही पाण्याबद्दल लिहिलंत ते अगदी बरोबर निघालं. जरबेऱ्याला थोडी आंबट माती लागते, सामू (pH) ५.५ ते ६.५, आणि बोअरच्या क्षारानं त्याला लोह घेता येत नाही म्हणून पान पिवळं पडतं. आमच्या पेठेत नळाला कास तलावाचं पाणी येतं, ते आता भरून ठेवते आणि तेच देते, नवं पान बऱ्यापैकी हिरवं आलंय. दादा, तुम्ही म्हणालात तसं शेवाळ काट्या-चमच्यातल्या काट्यानं हलकंसं उकरून काढलं, प्लास्टिक कायमचं काढलं, पाणी फक्त सकाळी आणि वरचा थर सुकल्यावरच. ट्रायकोडर्मा पाण्यात कालवून एकदा दिला. त्यानंतर एकही रोप पडलेलं नाही.

काल चार पानांची दोन रोपं चार इंची कुंडीत हलवली, लाल माती, कोकोपीट आणि वाळू. पानं फुटतात तो मधला भाग मातीच्या वर राहील एवढं उंच लावलंय, पहिल्यांदा बोटानं माती सारताना हात थरथरत होता. बाकीची तीन चौथ्या पानाची वाट बघतायत.

राहिला प्रश्न त्या ९ दाण्यांचा. उगवायला २० ते २४ अंश लागतं म्हणतात आणि आमच्या खिडकीत आत्ताच रात्री १५ पर्यंत उतरतंय, फेब्रुवारीपर्यंत थांबावं तर बी आणखी म्हातारं होतंय. कुणी थंडीत ट्रे स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर ठेवून जरबेरा उगवलाय का? तिथं ऊब असते पण उजेड अजिबात नाही, उगवल्या उगवल्या खिडकीत आणला तर चालेल का?