‘मौलिक’ गाडी की ‘अस्सल’ गाडी?

फोंड्याहून
मामांची फोक्सवॅगन बीटल गाडी पोर्तुगीज अमदानीतली. मागची काच अंडाकृती, म्हणजे 1953 ते 1957 मधली. पुन्हा कधी रंगवलेली नाही. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासाठी मी फलकावर ‘मौलिक अवस्थेतील गाडी’ लिहिलं, मामांनी खोडलं. म्हणाले, मौलिक म्हणजे मोलाची, तू मूळची आहे एवढंच सांग. मग शब्द कोणता?

म्हापशाहून
मामांचं बरोबर. मौलिक आला ‘मूळ’वरूनच, हिंदीत अजून तोच अर्थ आहे. मराठीत मात्र कानाला ‘मोल’ ऐकू येतं. ‘अस्सल’ लिहा. आजोबा वकिलाकडे कारकून होते, कागद दोनच प्रकारचे म्हणायचे: अस्सल आणि नक्कल.

डिचोलीहून
अस्सल अरबी. घरचा शब्द असताना उसना कशाला? ‘जीर्णोद्धार न केलेली’ म्हणा.

म्हापशाहून
‘कागद’, ‘वकील’ही मग परत करावे लागतील.

मडगावहून
माझं गॅरेज आहे. नवा रंग मारलेल्या गाडीलाही लोक अस्सल म्हणतात, कारण सुटे भाग कंपनीचे असतात. आमचे मिस्त्री ‘आंगचो रंग’ म्हणतात. दाराचं रबर उचलून बघा. रबरावर रंगाचे शिंतोडे असतील तर गाडी परत फवारलेली. 6 व्होल्टची वायरिंग काढून 12 व्होल्टची घातली की दिवे झकास लागतात, पण गाडी अंगची राहत नाही. मराठीत सरळ ‘अंगच्या रंगाची’ लिहा.

पेडण्याहून
‘जीर्णोद्धार’ तर नकोच. आमच्या देवळाचा झाला तेव्हा भिंतीवरची कावी (तांबड्या कावेची) चित्रं गेली आणि फरशा आल्या. तेव्हापासून हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

डिचोलीहून
नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला. वाईट काम झालं म्हणून शब्द टाकायचा का?

पेडण्याहून
शब्दाचा अर्थ आज लोक काय करतात त्यावरून ठरतो, 1668 वरून नव्हे. गावात विचारून बघा.

फोंड्याहून
देवळाचं राहू द्या. ‘अंगच्या रंगाची’ मामांना आवडलं. पण तो फक्त रंग झाला, अख्ख्या गाडीला काय म्हणायचं?

मडगावहून
मागच्या सीटखाली मधल्या बोगद्यावर, म्हणजे तळाच्या पत्र्याच्या लांब उंचवट्यावर, चॅसिस नंबर असतो, तो कागदांशी ताडून बघा. तिथेच शेजारी बॅटरी असते. तिच्या खालचा पत्रा मूळचा आहे का?

फोंड्याहून
नाही. आम्लाने खाल्ला होता, मामांनी नवा जोडून घेतला.

म्हापशाहून
तरीही अस्सलच.

मडगावहून
अंगची नव्हे.